आजीच्या नावावरचं नववं सिम

आजी वारली तेव्हा तिच्या नावावर नऊ सिम कार्डं होती. एका माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणून नऊ. नाहीतर आणखी असती.

एक आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, साध्या फोनमध्ये. एक पप्पांच्या फोनमध्ये. एक माझा भाऊ सुमित याच्याकडे. तो पुण्यात घरोघर पार्सल पोचवतो. एक शेजारच्या ठमाबाईंकडे. एक विहिरीवरच्या मोटारीच्या मोबाईल स्टार्टरमध्ये. एक ठमाबाईंचा मुलगा रणजित याच्या पोल्ट्रीवरच्या कॅमेऱ्यात. एक आमच्या उसात खांबावर बसवलेल्या यंत्रात; ते जमिनीतला ओलावा मोजून पप्पांना कळवतं. एक माझ्या काच फुटलेल्या जुन्या फोनमध्ये. ही आठ मी फोन लावून किंवा कार्ड बाहेर काढून तपासली. सगळी जागच्या जागी होती. नववं कुणाकडेच नव्हतं.

एका नावावर एवढी सिमं झाली ती अंगठ्यामुळे. सिम घ्यायचं तर आधार लागतं आणि आधारला अंगठा. आमच्या वरकुट्यात बहुतेक म्हाताऱ्यांचा अंगठा उठत नाही. खुरपं, दावं, उसाचं पाचट यांनी बोटांवरच्या रेषा घासून जातात आणि यंत्राला वाचायला काही उरत नाही. रेशनच्या दुकानातही हीच रड. आजीने आयुष्यभर तेच खुरपं धरलं, तरी तिचा अंगठा पहिल्या फटक्यात उठायचा. का, ते मला अजून कळलेलं नाही. इंदापूरच्या स्टँडसमोर छत्री उभी करून फुकट सिम वाटणारी पोरं बसली की आळीतलं कुणीतरी हाक मारायचं, "ताईबाई, चला बरं जरा, तुमचा अंगठा लागतोय." आजी पदराला हात पुसत निघायची. तिला त्याचा अभिमान होता.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि बारामतीत एका छोट्या कंपनीत लागले. मोबाईलचा सिग्नल कुठे किती पोचतो ते आम्ही गाडीतून फिरून मोजतो. त्यामुळे आळीत कुणाच्याही फोनचं काहीही बिघडलं, तर ते माझ्यापाशी येतं.

आजी जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हा फोनवर नावं दिसायला लागली. नंबर साठवलेला नसला तरी सिम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव आता पडद्यावर येतं. खोटे बँकवाले, खोटे पोलीस ओळखता यावेत म्हणून ही सोय. शहरात यावर बरीच चर्चा झाली. आमच्या आळीत काय झालं ते मला ठमाबाईंनी सांगितलं.

"जावयानं नवा फोन घेतला व्हता गं. मी आपला लावला, पोरगी कशी हाय इचाराया. त्यानं नाव वाचलं, ताईबाई धोंडीबा लोंढे, आन् फोन टाकला की खाली! आजीच्या मातीला आला व्हता त्यो, आन् आता तिचाच फोन. मी आपली हिकडनं वरडतीया, आवो मी जित्ती हाय, मी जित्ती हाय. त्यानं त्ये आयकलं आन् आजूनच भ्याला."

रणजित चिडला होता. "चोराचं नाव कळावं म्हणून केलंय म्हणं. चोराचं तर कळंना, आमचंच भलतं कळाया लागलं."

त्याची बायको स्वरूपा ब्लाऊज शिवते. तिचं दुखणं उलटं होतं. "तुमाला भलतं नाव दिसतंय ते बरंय की. माझं तर खरं दिसतंय. बाईला माप विचाराया फोन लावला, तर तिच्या नवऱ्याला माझं आडनावासकट सगळं नाव कळलं. आता त्यो मला तोंडानं नाव घेऊन हाक मारतो रस्त्यात."

मी त्यांना समजावून सांगितलं की पडद्यावर सिमच्या मालकाचं नाव येतं, बोलणाऱ्याचं नाही. आबांनाही तेच सांगितलं. आबा सातवी शिकलेत, पडद्यावरचं वाचतात, पण फोनमध्ये नावं साठवत नाहीत. त्यांना आजीच्या नावाचा पहिला फोन आला तो मोटारीच्या स्टार्टरचा. तीन फेजची लाईट आली की स्टार्टर स्वतः फोन करतो आणि रेकॉर्ड केलेली बाई सांगते, लाईट आली आहे, मोटार चालू करण्यासाठी एक दाबा.

"मेल्यावरबी तुझी आजी मोटरच चालू कराया सांगती," आबा म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

मग एका रविवारी मी घरी असताना भर दुपारी फोन वाजला. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी नाव वाचलं, हिरवं बटण दाबलं, कानाला लावला, आणि काल ऊस तोडायला कारखान्याची टोळी आली नाही, विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलंय, सुमितने नवी गाडी घेतली, असं सावकाश सांगत बसले. मधे थांबायचे. पुन्हा सांगायचे. शेवटी फोन खाली ठेवला.

"मोटारीचा होता ना?" मी विचारलं.

"न्हाय. मोटरची बाई बोलती. ही रोज दुपारी फोन करती, पन बोलत न्हाय."

"मग काय करते?"

"ऐकती."

मी नंबर पाहिला. आठांपैकी नव्हता. सरकारी पोर्टलवर आजीच्या नावावरचा नववा नंबर दिसत होता, तो हाच.

आम्ही धम्म घेतलेलं घर. भूत, करणी, अंगात येणं यातलं काही आमच्याकडे मानत नाहीत. पप्पा तर असल्या गोष्टी निघाल्या की ताटावरून उठतात. मलाही त्या दिवशी भीती वाटली नाही. एक सिम हरवलंय आणि ते कुणाच्यातरी हाती लागलंय, एवढंच वाटलं. पण पुढच्या आठवड्यात आबा अंगणात चक्कर येऊन पडले, मग न्हाणीत पडले, आणि ही गोष्ट नुसत्या हरवलेल्या सिमची राहिली नाही.

पहिल्यांदा पडले तेव्हा आम्ही त्यांना बारामतीला नेलं होतं. चार दिवस ठेवलं. त्यांच्या हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. डॉक्टरीणबाईंनी पेसमेकर बसवायला सांगितलं. आबांनी नाही म्हटलं आणि घरी आले. न्हाणीत पडल्यावर पप्पांनी फोन केला, तर बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी पडले की उठतीलच असं मी सांगू शकत नाही. लवकर आणा."

आबा ओट्यावरून हलेनात.

"तितं चार दिस व्हतो," ते म्हणाले. "एकदाबी वाजला न्हाय. घरी आलो, त्याच दुपारी वाजला. ती हितंच फोन करती. मी तितं जाऊन पडलो आन् तितंच ऱ्हायलो तर? तिनं कुनाला इचारायचं?"

पप्पा ओरडले. "आबा, शिकल्यासवरल्या माणसानं काय बोलावं! कोण भामटा हाय, तुमाला येडं करतोय."

"भामटा पैसं मागतो, अनुप. ही काय मागती? तूच सांग."

मी आबांना विचारलं, तो फोन कुठे आहे ते मी शोधून दाखवलं तर याल का?

"दाव की," ते म्हणाले. "दाव, मग बघू."

इंदापूरला सिमच्या दुकानात मानसिंग बसतो. माझ्याच शाळेतला. त्याने नंबर घातला आणि मान हलवली. "मेघना, हा बंद हाय. रिचार्ज संपून लय दिवस झाले. ह्यावरून फोन जाऊच शकत नाही."

"येतोय पण."

"मग कुणीतरी इंटरनेटवरून खोटा नंबर दाखवत असंल. तसलं लय चालतंय."

शक्य होतं. पण तसं असेल तर बोलणारा कुठेतरी दूर असणार आणि आमच्या घराजवळ नवव्या सिमच्या कंपनीचा कुठलाही फोन त्या वेळी बोलत नसणार. हे तपासता येतं. फोन चालू असताना तो स्वतः लहरी सोडतो. आबांचं सिम एका कंपनीचं, नववं दुसऱ्या कंपनीचं. दोन्हींच्या लहरींचे पट्टे वेगळे, त्यामुळे आबांच्या फोनची गल्लत होणार नव्हती. मी ऑफिसमधून परवानगी घेऊन मीटर आणि दिशा दाखवणारा अँटेना घरी आणला. त्यावर आकडे उणे येतात. शून्याच्या जितके जवळ, तितका फोन जवळ.

आधी एकदा मी नुसतं ऐकून पाहिलं. फोन वाजला तेव्हा आबांकडून मागून घेतला. आत आवाज होता. कोंबड्या, ठमाबाईंचं धुणं आपटणं, लांब ट्रॅक्टर. म्हणजे आमच्याच ओट्यावरचे आवाज, किंचित उशिराने. मी श्वास घेतला तर तोही मला फोनमधून ऐकू आला. मी श्वास रोखला. फोनमधला चालूच राहिला.

मी फोन आबांना परत दिला.

शनिवारी मीटर घेऊन फाटकापाशी उभी राहिले. फोन आला नव्हता तोवर उणे ९७, म्हणजे काहीच नाही. वाजला, आबांनी उचलला, आणि आकडा उणे ७४ वर आला. खोटा नंबर नव्हता. त्या कंपनीचा फोन जवळपास बोलत होता. विहिरीकडे गेले तर आकडा घसरला. पोल्ट्रीकडे गेले, घसरला. ठमाबाईंच्या कुंपणापाशी, घसरला. घराकडे वळले की चढायचा. ओट्याच्या पायरीवर उणे ५२. आबांच्या पुढ्यात उणे ४१. मी अँटेना त्यांच्याभोवती सावकाश फिरवला. सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या डाव्या बाजूला आला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. उणे ३३. मी मोजपट्टी लावली. त्यांच्या डाव्या खांद्यापासून बारा सेंटीमीटर.

तिथे काही नव्हतं. सतरंजीचा कोपरा आणि मागे भिंत.

मी सतरंजी उचलून झटकली. भिंतीवर, फरशीवर, वर पत्र्याला अँटेना लावून पाहिला. सगळीकडे आकडा कमी. पुन्हा त्या जागी आणला, उणे ३३. जरा पुढे सरकवला, कमी. मी तो त्या जागेच्या आरपार नेणार, तेवढ्यात आबांनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "जपून पोरी. लागंल की तिला."

कुंपणावरून ठमाबाई बघत होत्या. "काय गं मोजती?"

"फोन कुठंय ते."

"मग घावला का?"

मी अँटेना खाली घेतला. त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. त्या पदर सावरत फाटकातून आत आल्या. "आबा, माझं ऐका. एक निंबू उतरून टाकते. तुमच्यात चालत नसंल तर अनुपला सांगू नका."

"ठमाबाई, फोन हाय त्यो. फोनाला कुनी निंबू उतारतं का?"

"मग तुमी दोन-दोन घटका कुनाशी बोलताय?"

ठमाबाई ओट्यावर टेकल्या नाहीत. नेहमी त्या आबांच्या डाव्या हाताला टेकायच्या, आजी असताना तिच्याशेजारी. त्या दिवशी पायरीवरूनच परत गेल्या.

मला झोपायला अवघड गेलं, पण विचार करायला नाही. फोन घराला चिकटलेला आहे असं आबा धरून चालले होते. मी जे मोजलं त्यावरून तो घराला नाही, आबांना चिकटलेला दिसत होता. मग बारामतीला चार दिवस का वाजला नाही? सकाळी मी पप्पांना विचारलं, तेव्हा आबांचा फोन कुठे होता?

"माझ्या खिशात. आत अतिदक्षतेत न्हेऊ देत नव्हते. मी खाली पायऱ्यांवरच बसून होतो."

म्हणजे आबा तिसऱ्या मजल्यावर आणि फोन तळमजल्यावर. मी त्या दुपारी आबांना ओट्यावर ठेवलं आणि त्यांचा फोन पप्पांकडे देऊन त्यांना उसात पाठवलं. वाजला नाही. दुसऱ्या दिवशी फोन ओट्यावर ठेवून आबांना ठमाबाईंच्या पडवीत बसवलं. वाजला नाही. तिसऱ्या दिवशी दोघे एकत्र ओट्यावर. वाजला.

आता उरलं ते एकच. आबा आणि फोन एकत्र, पण घराबाहेर.

डाळजला आबांची बहीण तानूबाई असते. तिला भेटायचं म्हणून मी ऑफिसची गाडी आणली. आबा वाटेत दोनदा म्हणाले की दुपार व्हायच्या आत परत सोड. मी हो म्हटलं आणि सोडलं नाही. हे मी त्यांना फसवलं. तानूबाईने भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. आबा जेवले नाहीत. गोठ्याशेजारच्या बाजेवर बसून हायवेकडे बघत राहिले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी नाडी धरली. एक ठोका आला, मग इतका वेळ काहीच आलं नाही की मी तानूबाईला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग पुढचा ठोका आला.

"मेघे," आबा म्हणाले, "मला घरी न्हे. ती वाट बघत असंल."

फोन त्यांच्या खिशात वाजला.

त्यांनी काढून नाव वाचलं. मग इकडेतिकडे पाहिलं, नवीन जागी पाहुणा आल्यावर त्याला बसायला काय द्यावं असं माणूस बघतो तसं, आणि बाजेवर उजवीकडे सरकले. डावीकडे जागा झाली. मी मीटर काढला. अँटेना त्यांच्या डाव्या खांद्यापासून बारा सेंटीमीटरवर, कानाच्या उंचीला धरला.

"किती?" आबांनी विचारलं.

"तेहतीस."

"घरच्यावानीच?"

"व्हय. तेवढाच."

तानूबाई दारातून म्हणाली, "काय तेहतीस? ताप हाय का दादाला?"

आबांनी फोन कानाला लावला. मग फोनमध्ये म्हणाले, "आगं, दवाखान्यात जायचंय. तितंबी येशील न्हवं?" थांबले. मला म्हणाले, "उद्याच चल."

पेसमेकर बसवायला फार वेळ लागला नाही. आबा खोलीत आले तेव्हा त्यांचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. पप्पा आधी रडले, मग चहा आणायला गेले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, पट्टी पाहिली आणि मोठ्याने समजावून सांगितलं.

"आजोबा, यंत्र इथं बसवलंय. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. चालू मोबाईल त्याच्याजवळ आणायचा नाही. डाव्या खिशात नाही, डाव्या कानाला नाही. कमीत कमी पंधरा सेंटीमीटर लांब. कळलं?"

बारा सेंटीमीटर, डावी बाजू. ओट्यावर तेच, डाळजला तेच. मी मोजलेलं, मीच त्यांना पटवून इथे आणलेलं.

आबांनी मान डावीकडे वळवली. "आगं, आयकलं का?"

"हो आजोबा, मी ऐकतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय विचारायचंय?"

"तुमाला न्हाय," आबा म्हणाले.

त्या हसल्या आणि गेल्या. मी पप्पांना बाहेर नेऊन सांगितलं की आबांचा फोन बंद करा, निदान टाके निघेपर्यंत. पप्पा काही न विचारता आत गेले. त्यांनी फोन उचलला. आबांनी उजव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. ऑपरेशननंतर त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"अनुप," ते म्हणाले, "मी तुमचं ऐकून आलो. आता तुमी माझं ऐका."

पप्पांनी फोन उशीच्या उजव्या बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही तिघेच होतो. मॉनिटरवर ठोके एकसारखे जात होते. मी मीटर चालू करून खाटेच्या डावीकडे उभी होते. पप्पांचा हात नर्सला बोलवायच्या बटणावर होता. फोन वाजला. आबांनी उजव्या कानाला लावला.

"हां," ते म्हणाले. "बस."

डाव्या खांद्यापाशी उणे ४८. मी अँटेना हळूहळू त्यांच्या डोक्यावरून पलीकडे नेला. उजव्या खांद्यापाशी उणे ३३. मोजपट्टीचं एक टोक तिथे धरलं आणि दुसरं जखमेवरच्या पट्टीपर्यंत आणलं.

पेसमेकरपासून एकेचाळीस सेंटीमीटर.